रेडिएटरातली हळद

रूपसिंग मिस्त्रीनं रेडिएटर उचलून पोत्यावर उपडा केला आणि पाठीत दोन थापा मारल्या, तेव्हा त्यातून पाणी आलं नाही. पिवळा गाळ आला. ओल्या शेणासारखा घट्ट. पोत्यावर थबकन पडला आणि पडला तिथंच बसून राहिला.

विश्वंभरनं वाकून त्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. कुरुंद्याचा माणूस तो. हळद शिजायच्या वाफेत लहानाचा मोठा झालेला. त्याला हा वास कुणी सांगायचा?

"काका, हे कूलंट न्हाई," रूपसिंग म्हणाला.

"दिसून राहिलं मला."

"हळद हाय."

"ठाऊक हाय रे बाबा! मला हळद शिकवतो का तू?"

रूपसिंगनं हात पुसले. तांड्यावरचा हा मिस्त्री तोंडाचा मोकळा होता, गिऱ्हाईक रागात आहे की लोभात हे बघून बोलायची त्याला सवय नव्हती. "म्हणजे कुणीतरी नवरीला हळद लावून तुमच्या घरी लावून दिली म्हणा की. वरून पिवळी धमक, आतून समदी फुटकी."

एरवी विश्वंभर पोट धरून हसला असता. आज त्यानं रूपसिंगकडं असं बघितलं, की रूपसिंगनं निमूटपणे पाना उचलला.

ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती. वाटेत रेडिएटर गळायला लागला आणि गॅरेज दूर असलं, की मूठभर हळद टाकायची. हळद भोकात जाऊन बसते, गळती थांबते, गाडी घर गाठते. पण घर गाठल्यावर रेडिएटर धुवून घ्यायचा असतो, भोक झाळून घ्यायचं असतं. इथं कुणीतरी एकदा नाही, चारदा नाही, हौसेनं हळद टाकत गेलं होतं. भोकाबरोबर पाण्याच्या साऱ्या नळ्या बुजल्या होत्या.

"असल्या गाडीत तुमी वरून कितीबी पाणी घाला," रूपसिंग म्हणाला, "ते फिरणारच न्हाई. विंजन तापणारच."

विश्वंभरनं चटकन मान वर केली. "काय म्हणला? परत म्हण."

"पाणी घातलं असतं तरी तापली असती. आज न्हाई तर उद्या."

विश्वंभर तिथल्या उलट्या टायरवर बसला. महिनाभर हा माणूस एकाच गोष्टीनं आतून कुरतडला जात होता, आणि ती गोष्ट आता त्या पोत्यावर पडली होती.

फाल्गुनात त्यानं ही गाडी घेतली. पांढरी, डिझेलवर चालणारी, बारा वर्षं जुनी. गावातल्या तातेरावची. घ्यायचं कारणही तसंच होतं. लेक शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. रात्री-अपरात्री कळा सुटल्या तर वसमतच्या दवाखान्यात न्यायला दाराशी स्वतःचं वाहन असावं, एवढीच बापाची हौस. हळदीला भाव बरा लागला होता. तातेरावला गाडी काढायची होती. जमलं.

बायको शालूबाई तेव्हाच म्हणाली होती, "आवं, एकदा रूपसिंगला दाखवून घ्या. कान-शेपटी बघितल्याबिगर बैलसुदिक घेत न्हाई आपण."

"अगं, तातेरावची गाडी हाय ती. माळकऱ्याला तपासत्यात का?"

आता हे नुसतं भोळेपण नव्हतं, हे सांगायला पाहिजे. गावात श्रावणातला सप्ताह बसतो. मारुतीसमोर मांडव पडतो, आणि सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकत नाही. दिवसा-रात्री कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असतेच. जो तो आपापला पहारा उभ्यानं करतो आणि पुढच्याच्या हाती देतो. देताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. लहान-मोठा, जमीनवाला-बिनजमीनवाला, तिथं काही बघत नाहीत. आणि तातेरावकडून वीणा घ्यायची ती विश्वंभरनं, हे त्यांच्या मिसरूड फुटल्यापासून ठरलेलं. ज्याच्या पायावर दरसाली डोकं ठेवायचं, त्याच्या गाडीखाली मिस्त्री घालायचा? विश्वंभरला ते अधर्मासारखं वाटलं. मारुतीपुढं नारळ फुटला, दोघं एकमेकांच्या पाया पडले, चावी हातात आली. कागद नंतर झाले.

गाडी आली आणि खर्च मागोमाग आला. आधी बॅटरी बसली. मग सेल्फ गेला. सकाळी सकाळी अर्धी आळी गाडी ढकलायला. मग क्लचप्लेट. मग गाडी हीट मारायला लागली, काटा लालवर. रूपसिंगनं थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला. गाडी नव्हती ती, दानपेटी होती. येता-जाता टाकत राहायचं. देवाच्या पेटीत टाकलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं.

आणि वास येत होता. बॉनेट उघडलं की हळद शिजल्याचा वास भपकन यायचा. पण फाल्गुन-चैत्रात कुरुंद्यात कुठं येत नाही तो वास? प्रत्येक शेतात हळदीचा कुकर लागलेला, वाफ निघते आहे, अंगावरचे कपडे पिवळे, हात पिवळे, चहाच्या कपाची कड पिवळी. विश्वंभरला वाटलं, शेतातला वास वाऱ्यावर येतो आहे. रूपसिंगनं टोपण उघडून पिवळं पाणी बघितलं. त्यालाही वाटलं, कूलंट आहे. दुसऱ्या कुठल्या मुलखात ही गाडी गेली असती तर पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं. कुरुंद्यात हळद हळदीत लपली.

ज्येष्ठातल्या एका दुपारी शिवकन्येला कळा सुटल्या. दिवस भरायला अवकाश होता. घाई उडाली. विश्वंभरनं गाडी काढली, मागं शिवकन्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन शालूबाई. अर्ध्या वाटेवर गाडीनं शिट्टी मारली, बॉनेटमधून वाफ आली, आणि इंजिन एकदा खडखडून बंद पडलं ते पडलं. वर ऊन, दोन्हीकडं नांगरटीची काळी रानं, सावलीला झाड नाही. लेक ओरडत होती. शालूबाई पदरानं वारा घालत होती. आणि विश्वंभर उघड्या बॉनेटसमोर हात पसरून उभा, जसा काही देवच त्या इंजिनातून बाहेर येणार होता.

शेवटी हळदीच्या पोत्यांचा एक टेम्पो थांबला. पोत्यांवर गोधडी टाकून शिवकन्येला नेलं. मुलगी झाली. रडलीच नाही लवकर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं, आजोबा."

पोरगी वाचली, देवाची कृपा. आरोही नाव ठेवलं. पण 'थोडं आधी' हे दोन शब्द विश्वंभरच्या उरात जाऊन बसले. कारण त्या दुपारी घाईत त्यानं रेडिएटरचं पाणी बघितलं नव्हतं. आणि हे त्यानंच घरी येऊन सांगितलं. शालूबाईनं ते धरलं. "गाडीला पाणी न्हाई बघितलं? जनावराला पाणी दाखवत्यात, अन् पोटुशी लेक घेऊन निघताना तुमाला एवढंबी सुचलं न्हाई?" त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, पण त्याच्याकडं बघायची नाही. आरोहीला घ्यायला त्यानं हात पुढं केले की म्हणायची, "राहू द्या. निजून राहिली ती."

आणि पारावर तातेराव म्हणायचा, "गाडी सोन्यासारखी होती राव. मी इतकी वर्षं चालवली. ह्यानं पाण्याबिगर जाळली."

विश्वंभरनं ते ऐकलं होतं आणि मान खाली घातली होती. मान खाली घातली होती! हे त्याला आता, त्या टायरवर बसल्या बसल्या आठवलं, आणि त्याच्या कानशिलातली शीर उडायला लागली.

"ह्याचा खर्च?" त्यानं विचारलं.

"हेड उतरवलं हायच. ते वाकडं झालंय, घासून सपाट करायला फेसिंगला पाठवावं लागंल. गॅस्केट, नवा रेडिएटर, होसपाइप. पिस्टनचं काय झालंय ते उघडल्यावर कळंल." रूपसिंगनं जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून वर होता. "खरं सांगू काका? ह्याच्यात आता पैसा टाकू नका. मीबी चुकलो. पंप बदलायच्या आधी हे खोलायला पाहिजे होतं."

"तू चुकला, मी चुकलो. ज्यानं केलं त्याचं काय?"

त्यानं तो गाळ एका प्लास्टिकच्या डब्यात भरला, गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी ओढत आणली, आणि घरात पाय न ठेवता तसाच तातेरावच्या दारी गेला.

तातेराव ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. विश्वंभरनं डबा त्याच्यासमोर आपटला.

"हे काय हाय?"

तातेरावनं बघितलं. अडकित्ता क्षणभर थांबला, मग परत चालू झाला. "हळद दिसून राहिली."

"तुझ्या गाडीतून निघाली."

"तुझ्या गाडीतून," तातेराव शांतपणे म्हणाला. "मी विकून मोकळा झालो फाल्गुनात. नंतर तू काय टाकलं, कुणाला ठाऊक? गळायला लागली असंल, टाकली असशील मूठभर. आपल्याकडं समदेच टाकत्यात."

"मी टाकली? मी?"

"आवाज चढवू नको. कुरुंद्यात कुणाच्या घरात हळद न्हाई? ह्याच्यावर माझं नाव लिवलंय का?"

विश्वंभरचा हात वर गेला. खरंच गेला. पण तेवढ्यात तातेरावची बायको नर्मदाबाई चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आली. "भाऊजी, लई दिसानं आले. बसा की," म्हणाली. तो वर गेलेला हात विश्वंभरनं टोपी सारखी करायला वळवला आणि चहा न घेता निघाला. मागून तातेराव म्हणाला, "डबा घेऊन जा तुझा."

घरी त्यानं शालूबाईला सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "तुमचा मिस्त्री स्वतःचं सोडवायला काहीबी सांगंल. तातेराव भाऊजी माळकरी हायत." त्याचंच वाक्य तिनं त्याच्या पदरात टाकलं होतं. साक्ष नाही, पुरावा नाही. खरं एकाच माणसाला ठाऊक, आणि तो माणूस सुपारी कातरत बसलेला.

राग पोटात घेऊन झोपणं फार वाईट. विंचू चावला तर उतार पडतो, मंत्र आहे, औषध आहे. हा राग उतरेना. शेतात गेला तर बांधाला लाथ, गोठ्यात गेला तर बैलाला शिवी. संध्याकाळच्या हरिपाठाला बसेना, कारण समोर तातेराव टाळ घेऊन बसलेला. ज्या माणसाचा जीव कीर्तनात रमायचा, कीर्तनकाराच्या एकेका दृष्टांताला जो भर मांडवात डोळे पुसायचा, तो देवळाच्या वाटेनं जायचंच टाळायला लागला. तातेरावनं त्याचा पैसा बुडवला, त्याचं त्याला एवढं नव्हतं. त्यानं त्याचं देऊळ तोडलं होतं.

श्रावण लागला. मांडव पडला. वीणा उभी राहिली. पहाऱ्याच्या फळ्यावर दुपारच्या वेळेला खडूनं लिहिलं होतं: तातेराव, त्याच्याखाली विश्वंभर. दरसालचं.

विश्वंभर त्या दुपारी आला तो आपलं नाव पुसायला. खरंच, मनात दुसरं काही नव्हतं. मांडवात तिसऱ्या प्रहराची पेंग होती. पाच-सहा टाळकरी संथपणे ठेका धरून, बायकांच्या बाजूला वाती वळत बसलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्यातच शालूबाई, आणि खांबाला टेकून आरोहीला घेतलेली शिवकन्या. मधोमध तातेराव, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, 'रामकृष्णहरी' म्हणत मागं-पुढं झुलणारा. चेहऱ्यावर कशी शांती!

ती शांती बघितली आणि विश्वंभरचं टाळकं सणकलं. फळ्याकडं गेलेला माणूस मागं वळला. चपला काढून आत आला आणि तातेरावसमोर उभा राहिला.

पहारा सरला होता. तातेरावनं डोळे उघडले, समोर विश्वंभर. क्षणभर त्याच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं दिसलं. भांडण मिटलं वाटतं. त्यानं वीणेचा पट्टा सैल केला. "घे."

विश्वंभरनं हात मागं बांधले. "घेतो. पण घेताना मला तुझ्या पाया पडावं लागंल. त्याच्या आधी एक सांग. हळद कुणी टाकली?"

ठेका चुकला. दोन टाळकरी थांबले, बाकीचे कसेबसे वाजवत राहिले.

"हे इथं विचारायचं असतंय का?" तातेराव पुटपुटला.

"इथंच विचारायचं असतंय. ओट्यावर तू सुपारी कातरत सांगितलंस, ते मी ऐकलं. आता गळ्यात वीणा हाय. ही गळ्यात घेऊन म्हण, 'हळद मी टाकली न्हाई.' एवढंच म्हण. मी लगेच पाया पडतो, जन्मात परत गाडीचं नाव काढत न्हाई."

टाळकऱ्यांतला वडीलधारा संतराम पुढं झाला. "विश्वंभर, सप्ताह हाय. मांडवात भांडण नको. तातेराव, इकडं दे, मी घेतो."

"घे की!" विश्वंभर उसळला. "त्यानं दिली तर घे. मी न्हाई म्हणत का? दे रे तातेराव, दे संतरामला. गळ्यातनं काढ आन् सुट."

संतरामनं हात पुढं केले. आता नुसतं द्यायचं होतं. तातेरावनं पट्टा डोक्यावरून वर उचलला, कानापर्यंत आणला, आणि तिथंच थांबला. साऱ्या मांडवाचे डोळे त्याच्यावर होते. वीणा काढली की मोकळं होता येत होतं. पण मोकळं होण्यासाठीच ती काढली, हेही उभ्या गावाला दिसणार होतं. आणि माणूस वाईट नव्हता हो. पाठीमागं खोटं बोलू शकत होता, ओट्यावर बोलू शकत होता. ह्या लाकडाला आणि तारांना हात लावून बोलू शकत नव्हता. त्यानं पट्टा परत खांद्यावर ठेवला. बोट तारेवर गेलं, तार थरथरत वाजली.

"बोल," विश्वंभर म्हणाला.

"रामकृष्णहरी."

"नाम मला ठाऊक हाय. पुढचं बोल."

"विश्वंभर, माझे पाय भरून आले."

"माझ्या लेकीचे बी भरून आले होते. भर उन्हात. बोल."

तातेरावनं संतरामकडं बघितलं. संतरामनं हात हळूच मागं घेतले. टाळ एकेक करून थांबले. आता तेवढी वीणाच वाजत होती, तीही अडखळत. मग तातेराव वीणेकडं बघत, जणू तिलाच सांगतो आहे असं बोलला.

"मीच टाकली."

"मोठ्यानं."

"मीच टाकली! पोळ्यापासून गळून राहिली होती. मूठभर टाकली, थांबली. परत गळली, परत टाकली. वसमतच्या मिस्त्रीनं रेडिएटर बदलायला सांगितला, मी म्हणलं एवढे पैसे कशाला घालायचे, विकूनच टाकू." तो थांबला. विश्वंभर समोरून हलेना, तेव्हा त्याला पुढं बोलावंच लागलं. "तू घ्यायला आला त्या सकाळी बी टाकली. ओंजळभर. खाली ठिपका दिसू नये म्हणून."

"आन् मी कशासाठी घेऊन राहिलो होतो, ते ठाऊक होतं?"

तातेरावचा आवाज पार खाली गेला. "ठाऊक होतं. शिवकन्येसाठी."

त्या क्षणी विश्वंभरनं त्याचा गळा धरला असता. गेले कित्येक दिवस त्यानं मनातल्या मनात धरलाही होता. पण गळ्यात वीणा होती. आणि तातेराव ओल्या डोळ्यांनी म्हणत होता, "आता घेतोस का? तू म्हणला होता, खरं सांगितल्यावर घेईन."

घ्या! दुसऱ्यासाठी लावलेल्या फासात विश्वंभरचाच पाय गेला. शब्द दिलेला, तोही भर मांडवात. आता वीणा घ्यायची म्हणजे ह्या माणसाच्या, ह्याच माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं. वीणेला नमस्कार करून माणसाला वगळायचं, असं तिथं चालत नाही. विश्वंभरनं दात आवळले. धोतराचा सोगा मागं सारला. वाकला, आणि डोकं ठेवलं नाही, आपटलं. तातेरावच्या अंगठ्याला असं जोरात लागलं की तो "आई गं!" म्हणाला, आणि खांबाजवळ शिवकन्येला अशा वेळीही हसू आलं.

मग वीणा विश्वंभरच्या गळ्यात आली. तातेराव वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. विश्वंभर वरून बघत होता आणि त्याच्या ओठांवर अशा अशा शिव्या आल्या होत्या की बैलानंही कान झाकावेत. पण एकही बाहेर पडेना. ज्या वीणेनं तातेरावचं खोटं अडवलं, तीच आता त्याचा राग अडवून उभी. बोलायचं तर नामच बोलायचं. "रामकृष्णहरी," तो म्हणाला, आणि ते इतक्या जोरात म्हणाला की मांडवाच्या बल्लीवरची कबुतरं उडाली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं शालूबाई उठली.

तिच्या हातातल्या वाती खाली पडल्या होत्या. ती तातेरावपाशी आली. "उठा भाऊजी."

"वहिनी, माझी चूक..."

"चूक? चूक मीठ जास्त पडल्यावर म्हणत्यात! माझी लेक रस्त्यावर गुरासारखी ओरडून राहिली होती. लेकरू काचेच्या पेटीत पडून राहिलं होतं. तेव्हा तुमी पेढे खायला आलते घरी! आलते का न्हाई? बोटं चाटत म्हणले, विश्वंभरनं गाडी जाळली. आन् मी..." इथं तिचा आवाज फुटला. तिनं वीणेकडं, म्हणजे नवऱ्याकडं बघितलं. "आन् मी खुळी, दोन महिने माझ्याच माणसाला बोलून राहिले. त्याच्या ताटात भाकर टाकली ती फेकल्यासारखी. त्याला त्याच्या नातीला हात लावू दिला न्हाई. ते कुठून भरून देणार? त्याचा मिस्त्री कुठं मिळतोय, सांगा!"

तातेराव कसाबसा उठून उभा राहिला.

"गाडी दारात उभी हाय," शालूबाई म्हणाली. "ती आत्ताच्या आत्ता तुमच्या दारी जाईल. पैशाचं गाव बघून घेईल. चला ग बायांनो."

"शालू, सप्ताह होऊ दे," संतराम म्हणाला.

"सप्ताहातच! सप्ताह उठला की समद्यांच्या जिभा परत वळवळायला लागत्यात."

आणि बायका उठल्या. वाती वळणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा गुडघ्यावर हात देत उठल्या. विश्वंभर मांडवात एकटा वीणा घेऊन उभा, भोवती बावरलेले टाळकरी. "वाजवा की रे," त्यानं डोळ्यांनी खुणावलं. टाळ परत सुरू झाले, आधी चाचरत.

मांडवाच्या पडद्यातून समोरची गल्ली आणि तिच्या टोकाचं तातेरावचं घर दिसत होतं. जरा वेळानं गाडी दिसली. बॉनेट दोरीनं बांधलेलं, तोंड वाकडं. मागून नऊवारीतल्या, सहावारीतल्या दहा-बारा बायका पदर खोचून ढकलत होत्या. तातेराव खाली मान घालून मागं हात लावायला गेला, तशी शालूबाई कडाडली, "मागं न्हाई! पुढं बसा, स्टेरिंग धरा. उतार हाय. ब्रेक कितपत लागतोय ते तुमालाच ठाऊक असंल." तो बसला. गाडी कुरकुरत, डुलत त्याच्या घराकडं चालली. एका म्हातारीनं मागून टपावर चापट मारली आणि म्हणाली, "चल ग बाई, सासरी नांदली न्हाईस, जा माहेरी." बायका हसल्या, पण शालूबाई हसली नाही. रडत ढकलत होती.

दारात नर्मदाबाई उभी होती. तिला कुणी सांगितलं असेल-नसेल. तिनं गाडीत बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, शालूबाईच्या तोंडाकडं बघितलं. फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडलं, अंगणातली बाज ओढून भिंतीला लावली आणि गाडीला जागा करून दिली. मग दोन्ही हात जोडून ती शालूबाईसमोर उभी राहिली. तिच्या मागं गाडी थांबली, पण तातेराव दार उघडून खाली उतरेना.

विश्वंभर हे सारं बघत होता. त्याला वाटत होतं धावत जावं, तातेरावला कॉलरला धरून बाहेर ओढावं, अजून चार गोष्टी विचाराव्यात. राग गेला होता का? छे! राग असा पाहुण्यासारखा निरोप घेऊन जात नाही. तो पुरता जागेवर होता, छातीत, ऊन-ऊन. पण पहारा सरायला अजून अवकाश होता आणि पाय हलवायचा तर ठेक्यावरच हलवायचा. म्हणून तो रागातच नाचला. रागातच नाव घेतलं. देवानं काय काय चढ्या आवाजातलं ऐकलेलं आहे. हेही ऐकलं असेल.

बायका परत आल्या. शालूबाईनं पिवळे-काळे झालेले हात पदराला पुसले आणि शिवकन्येच्या मांडीवरून आरोहीला उचललं. बायकांच्या बाजूला न बसता ती सरळ टाळकऱ्यांच्या मधून पुढं आली, वीणेच्या अगदी समोर बसली, आणि नातीचं तोंड आजोबाकडं करून धरलं. ओरडून तिचा आवाज बसला होता. त्या बसलेल्या आवाजातच तिनं विश्वंभरच्या मागून नाम उचललं.